चार फूट काळोख

एरवी आमच्या घरातली टेप हवी तेव्हा कधीच सापडत नाही. मोठा मॉनिटर घ्यायचं मनात आल्यापासून मात्र ती माझ्या खिशातच असते. टेबल मोजून झालं, भिंत मोजून झाली, लिफ्टचं दार मोजून झालं. तिथे वॉचमनने "साहेब, सोसायटी लिफ्ट बदलतेय का?" असं विचारलं, तेव्हा मी नुसतं "बघू" म्हणालो. त्याला ते पटलं. आमच्या सोसायटीत बहुतेक गोष्टी त्याच टप्प्यावर असतात.

मॉनिटर ४९ इंची. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, आणि या जातीच्या पडद्यांच्या बाबतीत चांगलंच फसवं. प्रत्यक्षात रुंदी साधारण १२० सेंटीमीटर आणि उंची जेमतेम ३४. २७ इंची दोन मॉनिटर खेटून ठेवले आणि मधली चौकट काढून टाकली, की जे उरेल ते हे. प्रमाण ३२ : ९. सॅमसंगने २०१७ साली या मापाचा गेमिंग मॉनिटर आणला, तेव्हा त्याच्या वाटेला जायचं मला कारण नव्हतं. २०२३ साली त्याच अंगाचा ओएलईडी आला आणि माझी झोप उडाली. किमतीबद्दल इथे लिहीत नाही, कारण घरात दोन वेगवेगळे आकडे सांगून झालेत.

गरज आहे का? आहे. माझा व्यवसाय भाषांतराचा. डोळ्यांसमोर एका वेळी मूळ मजकूर लागतो, माझा मराठी मसुदा लागतो, कोश लागतो आणि ज्यात गिऱ्हाइकाने 'सोपं पण भारदस्त' मराठी मागितलेलं असतं तो मेलही लागतो. लॅपटॉपच्या पडद्यावर या चौघांना एकमेकांच्या मागून डोकवावं लागतं.

हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. दुसरं कारण रात्री अकरानंतरचं आहे. मी ट्रक चालवतो. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ साली काढलेला 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा खेळ माझ्या वयाच्या माणसाला फार मानवतो. त्यात कुणाला मारायचं नसतं. रॉटरडॅमला माल भरायचा, मिलानला उतरवायचा. वाटेत डिझेल, टोल आणि सक्तीची झोप. सगळा युरोप एकास एकोणीस प्रमाणात आकसलेला असल्यामुळे दोन देश ओलांडूनही माणूस बारा-साडेबाराला अंथरुणात असतो. साध्या पडद्यावर समोरची काच तेवढी नीट दिसते, आरशात बघायचं तर मान फिरवायचं बटण दाबावं लागतं. ३२ : ९ वर दोन्ही खिडक्या आणि दोन्ही आरसे कायम नजरेच्या टप्प्यात राहतात. शेजारून कुणी घुसत असेल तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार वेळेत करता येतो.

या बाबतीत माझा सल्लागार म्हणजे माझा भाचा. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि याच मापाचा मॉनिटर बाळगून आहे. मी त्याला रिझोल्यूशन विचारलं, पॅनेल विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, ते सगळं नंतर. तू आधी पुठ्ठा काप."

फ्रिजचा खोका माळ्यावर होता. त्याची चार फुटांची पट्टी कापली आणि टेबलाच्या मागच्या कडेला भिंतीशी उभी केली. मग ती वाकवली. मॉनिटरच्या बाकाला १८०० आर म्हणतात, म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. असे साडेनऊ मॉनिटर गोलाकार मांडले तर वर्तुळ पुरं होईल आणि मधोमध खुर्ची टाकून बसलेला माणूस प्रत्येकापासून १.८ मीटरवर असेल. कागदावर हे गोंडस वाटतं. टेबलावर त्याचा अर्थ इतकाच की मधला भाग भिंतीला टेकला तर दोन्ही टोकं दहा-दहा सेंटीमीटर पुढे येतात. पुठ्ठा असा वाकून राहावा म्हणून दोन टोकांना सुतळी बांधली. माझं टेबल चार फूट बाय दोन फूट. म्हणजे रुंदीत मॉनिटर काठोकाठ, आणि स्टँडचे पाय धरले तर कीबोर्डला उरलेली जागा बोटं ठेवण्यापुरती. पेनस्टँड, पाण्याची बाटली आणि गणपती या तिघांनाही नवी जागा बघावी लागणार हे उघड होतं.

पुठ्ठा दोन-तीन दिवस तसाच राहू दे, सवय होते का बघ, असं भाच्याचं म्हणणं. सवय झाली, पण बायकोला. पहिल्याच संध्याकाळी तिने त्यावर वीजबिल टाचलं. दुसऱ्या दिवशी दुधाचा हिशेब, सोसायटीची नोटीस, वडिलांच्या गोळ्यांचा कागद आणि कोपऱ्यात एका लग्नाची पत्रिका. आठवड्याच्या आत त्या पुठ्ठ्यावर जेवढ्या खिडक्या उघड्या होत्या, तेवढ्या माझ्या कॉम्प्युटरवर कधी नसतात. "हेच ठेव की," ती म्हणाली, "याला वॉरंटीसुद्धा नको."

त्या बाकदार पुठ्ठ्यासमोर बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आमच्या लहानपणीचे टीव्ही उलटे वाकलेले होते. काच बाहेर फुगलेली, त्यामुळे दारातल्या माणसालाही थोडं थोडं दिसायचं. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा दर रविवारी सकाळी निम्मा वाडा आमच्या खोलीत असायचा आणि उरलेला खिडकीत. पुढे 'फ्लॅट' टीव्हीची टूम निघाली. फुगवटा गेला म्हणून लोकांनी जास्त पैसे मोजले. आता पडदा आत वाकलाय आणि त्याचे पुन्हा जास्त पैसे. हा बाक एकाच माणसासाठी असतो. भाच्याच्या खुर्चीत बसलं की सगळी क्षितिजं सरळ, आणि शेजारी स्टूल घेऊन बसलं की तिकडचं टोक चेपलेलं दिसतं. त्याने मला त्याचा मॉनिटर दाखवला तो स्वतः खुर्चीतून उठून. टीव्हीच्या बाबतीत असं उठून कुणी जागा दिल्याचं मला आठवत नाही.

योगायोग असा की ओएलईडीचा जन्म साधारण त्याच रामायणाच्या वर्षातला. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या ईस्टमन कोडॅकमधल्या दोघा शास्त्रज्ञांनी १९८७ साली 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स' मध्ये सेंद्रिय पदार्थाचे अतिपातळ थर आणि त्यांतून कमी दाबाच्या विजेवर निघणारा प्रकाश याबद्दल निबंध छापला. फोटोच्या फिल्मवर जगलेल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हे घडलं, आणि पुढे २००९ साली कोडॅकने हा विभाग एलजीला विकूनही टाकला. साध्या एलसीडीत मागे दिवा सतत जळत असतो आणि पुढे झापडं उघडझाप करतात. झापड कितीही घट्ट मिटलं तरी फटीतून उजेड झिरपतो, म्हणून तिथला काळा रंग राखाडीच. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा. काळं दाखवायचं म्हणजे तो दिवा विझवायचा. ५१२० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ७४ लाख ठिपके, आणि हवे तेवढे विझलेले. ट्रक रात्री आल्प्समधून चाललाय आणि हेडलाइटच्या पलीकडे खरोखर काही नाही, या सुखासाठी मी पैसे मोजायला तयार झालो होतो.

तो काळोख बघायला दुकानात गेलो. दुकानात छताला ओळीने पांढरे दिवे, एवढे की सर्जरी करता यावी. मॉनिटरवर काळ्या पार्श्वभूमीवर मधाचा थेंब अतिशय सावकाश पडत होता. थेंब अप्रतिम. काळं मात्र जांभळट राखाडी. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. विकणाऱ्या मुलाने हे पूर्वी पाहिलेलं असावं, कारण मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सर, घरी लाइट बंद करून बघा. एकदम ब्लॅक." तो खोटं बोलत नव्हता. क्वांटम डॉटवाल्या ओएलईडीला पुढे ध्रुवीकरणाची फिल्म नसते, त्यामुळे खोलीतला उजेड आत शिरून परततो आणि काळ्यावर तसा रंग चढवतो. खिडकीकडे तोंड करून ठेवला तर भर दुपारी हा मॉनिटर आपलं मुख्य भांडवल गमावून बसतो. माझ्या टेबलासमोर पश्चिमेची खिडकी आहे आणि तिला सध्या पडदा नाही. पडद्यासाठी पडदा घ्यावा लागेल, हे घरी सांगायला मी अजून शब्द शोधतोय.

याच क्वांटम डॉटना, म्हणजे आकार बदलला की रंग बदलणाऱ्या त्या सूक्ष्म कणांना, २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बावेंडी, ब्रस आणि एकिमोव या तिघांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्यापैकी कुणीही मराठी टाइप करत नव्हतं, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे. या पॅनेलमध्ये एका ठिपक्यातले तीन रंग एका ओळीत नसतात. हिरवा वर आणि लाल-निळे खाली, अशी त्रिकोणी मांडणी असते. परिणाम असा की आडव्या कडेला रंगाची किनार दिसते. इंग्रजी अक्षरांना आडव्या कडा थोड्या, त्यामुळे तिथे तक्रार कुरकुरीपुरती. आपली तर शिरोरेखाच आडवी, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! भाच्याच्या मॉनिटरवर मी पांढऱ्या पानावर एक परिच्छेद टाइप केला आणि नाक काचेजवळ नेलं. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर गुलाबीसर झाक आणि रेषेखाली हिरवट. सबंध परिच्छेद पैठणीचे काठ लावून बसल्यासारखा. दोन फुटांवरून ते फारसं जाणवत नाही, अक्षर मोठं केलं की आणखी कमी होतं, आणि नंतरच्या पिढ्यांच्या पॅनेलमध्ये मांडणी सुधारून हा दोष बराच कमी केलाय. तरीही दिवसाचे आठ तास फक्त मजकुरात घालवणाऱ्या आणि खेळाशी संबंध नसलेल्या माणसाने हा मॉनिटर घेऊ नये, असं माझं मत आहे. त्याने चांगला साधा एलसीडी घ्यावा, उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची घ्यावी आणि आमच्याकडे ट्रक बघायला यावं.

आता एकाच वेळी अनेक कामं करण्याबद्दल. भाच्याच्या पडद्यावर डावीकडे कोड, मधे कोडचा परिणाम, उजवीकडे ऑफिसच्या गप्पा आणि त्याखाली अगदी बारीक चौकोनात क्रिकेट. हे सगळं मला एकदम दिसतं, असा त्याचा दावा. त्याला म्हटलं, हात लांब कर, अंगठा वर कर आणि नखाकडे बघ. डोळ्याला स्पष्ट दिसतं ते साधारण त्या नखाएवढंच, दोन अंशांच्या आसपास. पाऊण मीटरवरच्या पडद्यावर ते अडीच-तीन सेंटीमीटर भरतं. बाकीची नजर आजूबाजूची नुसती हालचाल टिपायला असते. १२० सेंटीमीटर विकत घ्यायचे आणि त्यांतले अडीच वाचायचे. भाच्याने अंगठ्याकडे पाहिलं, स्कोअरकडे पाहिलं आणि म्हणाला, "गेला कोहली."

आपल्याकडे याची फार जुनी कसोटी आहे. तेलुगू, कन्नड आणि संस्कृतात अष्टावधान चालतं. मधे अवधानी, भोवती आठ पृच्छक. एक समस्या घालतो, एक अमुक अक्षर टाळून श्लोक रचायला लावतो, एक जण मधूनच घंटा वाजवतो आणि शेवटी किती ठोके झाले ते विचारतो. अवधान्याजवळ ना कागद ना पेन्सिल. आठही खिडक्या डोक्यात उघड्या. मला या खेळात सर्वांत आवडतो तो अप्रस्तुतप्रसंगी. या गृहस्थाचं काम एकच, भलत्याच विषयावर बडबड करून अवधान्याचं चित्त उडवायचं. जावयाचं काय चाललंय, आज जेवायला काय होतं, असलं काहीही. ज्यांनी ही रचना केली त्यांना माणूस कळलेला होता. आमच्या पडद्यावर उजव्या बाजूला गप्पांचा हिरवा उभा पट्टा असतो, तो हाच गृहस्थ. फक्त बाकीचे सात जण बऱ्याचदा आलेलेच नसतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००९ साली अशा लोकांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा एकाच वेळी खूप माध्यमं हाताळणारे एका कामातून दुसऱ्यात जायला उलट जास्त अडखळतात आणि अवांतराकडे जास्त ओढले जातात, असं आढळलं. भाच्याला हे पाठवलं. दोन निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. त्याअर्थी तो कामात असावा.

मग मला हा रुंद पडदा हवाय कशाला? त्याचं उत्तर मजकूर वाचण्यात नाही, मजकूर कुठे ठेवलाय हे माहीत असण्यात आहे. कोश उजव्या हाताला आहे, मूळ डावीकडे आहे, हे मानेला ठाऊक झालं की डोक्याला ते लक्षात ठेवावं लागत नाही. लॅपटॉपवर खिडक्या पत्त्यांसारख्या पिसाव्या लागतात आणि हवं ते पान येईपर्यंत हातातला शब्द निसटतो. मान वळवली आणि परत आलो, तर शब्द बहुधा होता तिथेच असतो. एवढ्यासाठी चार फूट, हे मलाही जरा जास्तच वाटतं. पण लिहिणाऱ्या माणसाचा निसटलेला शब्द काय भावाने परत मिळतो, हे हिशेबात धरणारं कुणी घरात नाही.

एवढ्या रुंदीचे तोटे भाचा स्वतःहून सांगत नाही, काढून घ्यावे लागतात. ऑफिसच्या कॉलवर त्याने सबंध पडदा शेअर केला की समोरच्यांच्या लॅपटॉपवर एक आडवी पट्टी उमटते, पातळ भाकरीएवढीही नाही. "स्क्रीन दिसतेय का?" या सनातन प्रश्नाला त्याच्या टीममध्ये "दिसतेय, वाचता येत नाही" असं ठरलेलं उत्तर आहे. माऊसचा बाण हरवतो. कंट्रोल दाबला की त्याच्याभोवती वर्तुळ उमटावं अशी सोय विंडोजमध्ये आहे, आणि ती कुणासाठी केली असेल हे भाच्याकडे बघितल्यावर समजतं. खेळांचं तर विचारूच नका. 'एल्डन रिंग' सारखा गाजलेला खेळ १६ : ९ च्या बाहेर पसरतच नाही, म्हणजे अर्धा पडदा काळा. सिनेमाही तसाच. गुरुदत्तचा १९५९ चा 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप. तेव्हा त्याच्या रुंदीचं केवढं अप्रूप होतं; या मॉनिटरवर तोसुद्धा अंग चोरून मधे बसतो आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटीमीटर काळोख सोडतो. ॲबेल गान्सने १९२७ साली 'नेपोलियन' चा शेवट तीन पडद्यांवर, चारास एक प्रमाणात दाखवला होता. बसलाच तर तो बसेल. बाकी वेगाबद्दल मला तक्रार करायला जागा नाही. सेकंदाला २४० चित्रं. समोर काही आलं तर माझा पाय हलायलाच पाव सेकंद लागतो, तेवढ्यात पडद्याने साठ चित्रं दाखवून आपली जबाबदारी झटकलेली असते.

तरीही ठरलंय. नव्या पिढीच्या पॅनेलचा, ४९ इंची, १८०० आर. टेबल मात्र नवं. सुताराला पाच फूट बाय अडीच फूट सांगितलंय आणि मधे पाय नको असं बजावलंय. राहिला प्रश्न तो सांभाळायचा. ओएलईडीला एकच एक स्थिर चित्र तासन्‌तास दाखवलं की ते ठिपके इतरांपेक्षा जास्त झिजतात आणि चित्राची छाया कायमची उरते. म्हणून खालची पट्टी लपवायची, मागचं चित्र काळं ठेवायचं, उठून गेलो की पडदा मिटेल असं करायचं. दरबारात पेश करावा असा पडदा घ्यायचा आणि त्यावर शक्य तेवढा वेळ काहीही दाखवायचं नाही. शिवाय काही तास वापर झाला की मॉनिटर बंद केल्यावर, पण प्लगचं बटण चालू असताना, तो आपल्या झिजलेल्या ठिपक्यांची स्वतःच डागडुजी करतो. भिंतीवरचं बटण बंद केलं की ती राहून जाते.

आणि आमच्याकडे नाना आहेत. वडील रोज झोपण्यापूर्वी घरभर फिरून एकूण एक बटण बंद करतात. टीव्ही, मिक्सर, राउटर, मोबाइलचा चार्जर. फ्रिज वाचतो तो बटण कपाटामागे आहे म्हणून. त्यांना विश्वासात घ्यायचं म्हणून मी सगळं समजावून सांगितलं. सेंद्रिय थर, प्रत्येक ठिपक्याचा वेगळा दिवा, काळं म्हणजे विझलेलं, त्याला वीजच लागत नाही, वगैरे. नानांनी नीट ऐकलं. शेवटी म्हणालो, "एवढं एक बटण मात्र रात्रभर चालू ठेवायचं."

"काळं दाखवायला याला वीज लागत नाही म्हणालास ना?"

"नाही लागत."

"मग बंद पडद्याला रात्रभर वीज कशाला?"

मी भाच्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आजोबा, अहो तो स्टँडबायमध्ये असतो," इथून त्याने सुरुवात केली आणि बराच वेळ बोलत राहिला. नानांनी मधे कुठेही अडवलं नाही. फोन ठेवल्यावर ते उठले, पुठ्ठ्यावर टाचलेलं वीजबिल काढलं, त्यामागे आजची तारीख घातली आणि मीटरचा आकडा आणायला मला खाली पाठवलं.